वारा वजा करून

लोंबते झेंडे

जावई पठारावर आला त्या दिवशी वारा नेमका पडला होता.

जावई हे त्याचं खरं नाव नव्हतं. कंपनीच्या पाटीवर तो 'मरुत' होता, वारा बघणारं यंत्र. पण टेम्पोतून उतरवायला त्याला चार माणसं लागली. त्याच्यासाठी मंडप उभा राहिला, ऊन लागू नये म्हणून पडदे आले, तापू नये म्हणून पंखा आला. नेमबाज मात्र होते तसेच उन्हात पालथे पडून राहिले. तेव्हा कोल्हापूरची जयमाला कांबळे म्हणाली, "बसून खातोय आणि हुकूम सोडतोय. जावईच की." नाव चिकटलं ते चिकटलंच.

केतकी बर्गे हसली नाही. ती आक्काकडे बघत होती.

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण शलाका. कऱ्हाडच्या कॉलेजात गणित शिकवायची आणि सुटी मिळाली की इथे येऊन केतकीच्या मागे दुर्बिणीला डोळा लावून बसायची. नऊशे मीटरच्या नेमबाजीत एकटा माणूस पुरा पडत नाही. एक जण नेम धरतो. दुसरा मागे बसून वारा वाचतो आणि आकडा सांगतो. आकडा मिनिटांत असतो, पण ही मिनिटं घड्याळातली नव्हेत, कोनाची. नऊशे मीटरवर एक मिनिट म्हणजे वीतभराहून थोडं जास्त. आक्का "दोन उजवा" म्हणाली की समजायचं, वारा उजवीकडून येतोय, गोळीला डावीकडे ढकलणार आहे, तेव्हा बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकरी दोन मिनिटं उजवीकडे फिरव. केतकी फिरवायची, श्वास सोडायची, आणि गोळी जायची. का आणि कसं ते विचारायचं नाही. नेमबाजांच्या लायनीवरचा नियमच होता तो: आकडा आला की त्यावर शंका घ्यायची नाही. शंका घेणारं बोट थरथरतं.

आकडा सांगण्याआधी आक्का किंचित थांबायची. केतकीला तो थांबा आवडायचा. आक्का वारा जिभेवर ठेवून चव बघतेय असं तिला वाटायचं.

असं आठ वर्षं चाललं. जिल्हा, राज्य, देश. आता जागतिक स्पर्धेच्या संघाची शेवटची निवड चाचणी याच पठारावर होती, आणि नेमबाजी महासंघाचं फर्मान आलं: यापुढे सगळ्यांना वारा एकच यंत्र सांगेल. कुणाचा वाचक हुशार, कुणाचा मठ्ठ, हा अन्याय संपला. मागच्या खुर्च्या काढून टाका.

दोन पोरांनी खुर्च्या उचलून नेल्या. आक्कानं आपली दुर्बीण पुसून पिशवीत घातली आणि म्हणाली की बरं झालं, पेपर तपासायचे राहिलेत.

दोन उजवा

जावयाचा आवाज कानातल्या इअरफोनमधून यायचा. बाईचा नाही, पुरुषाचा नाही, शाळेत प्रार्थना सांगणाऱ्या माणसाचा असतो तसा. न थांबता आकडा द्यायचा.

नऊशे मीटरवर फलकाखाली खंदक असतो. गोळी लागली की खंदकातली माणसं फलक खाली ओढतात, भोकात रंगीत चकती खोचतात आणि फलक पुन्हा वर करतात. चकती कुठे ते बघून नेमबाजाला कळतं.

सरावाच्या पहिल्या सात-आठ गोळ्या मधोमध. मग—

दोन उजवा. चकती डावीकडे.

सव्वादोन उजवा. चकती डावीकडे.

दीड डावा. वारा उलटला, चकती डावीकडेच.

शेजारच्या जागेवर जयमाला त्याच आकड्यांवर मधोमध मारत होती आणि तोंडानं कसलीशी लावणी गुणगुणत होती.

केतकी मंडपात गेली. कंपनीचा इंजिनिअर सौमित्र अभ्यंकर तिथेच असायचा, जावयाला काय हवं-नको बघायला. यंत्र चुकतंय, असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं पडद्यावर गोळीची वाट दाखवली आणि अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, वाऱ्यानं गोळी तेवढीच ढकलली जेवढं यंत्रानं सांगितलं. नळीतून निघाली तेव्हाच ती डावीकडे निघाली होती."

मग बंदुकीत दोष असेल. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवून जयमालानं झाडली. मधोमध. पुन्हा मधोमध.

"बंदूक गुणाची हाय," जयमाला म्हणाली. "तूच सासुरवाशिणीसारखी अवघडल्यास. जावयासमोर लाजतेस काय?"

इथे गोष्ट जरा थांबवू

कारण पुढचा सगळा घोळ या यंत्राच्या अचूकपणातून होणार आहे.

नऊशे मीटर जायला गोळीला दीड-पावणेदोन सेकंद लागतात. तेवढ्यात ती एका वाऱ्यातून जात नाही, अनेक वाऱ्यांतून जाते. नळीजवळ एक, मधल्या ओढ्यावर दुसरा, पलीकडे पवनचक्क्यांनी घुसळलेला तिसरा. माणूस झेंडे बघतो, गवत बघतो, जमिनीवरच्या उन्हाच्या झळा कुठे कलतात ते बघतो आणि अंदाज बांधतो. मरुत अंदाज बांधत नाही. मैदानाच्या दोन्ही कडांच्या खांबांवरून तो डोळ्यांना न दिसणारा लेझरचा प्रकाश सोडतो. हवेत तरंगणाऱ्या धुळीवरून तो प्रकाश परततो. रुग्णवाहिका जवळ येताना आणि लांब जाताना भोंग्याचा सूर बदलतो, तसा हलत्या कणावरून परतणाऱ्या प्रकाशाचा सूर बदलतो. त्या बदलावरून प्रत्येक टप्प्यावरचा वारा कळतो. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा.

इथपर्यंत छान. पण एखादी गोष्ट इतकी नेमकी मोजता आली, की तिच्याआड लपलेली दुसरी उघडी पडते.

आजवर गोळी चुकली की नेमबाज म्हणायचा, झुळूक आली. वारा हा सगळ्यांचा बिनपगारी गडी होता. ज्याचा त्याचा दोष मुकाट वाहून न्यायचा. आता वारा पूर्ण वजा झाला. बंदूक पिशवीवर ठेवून झाडली की तीही वजा झाली. एवढं वजा करून जे उरतं त्याला सौमित्रच्या कंपनीत 'शेष' म्हणत.

शेष म्हणजे माणूस.

असेल

परतताना गाडी आक्का चालवत होती. घाटाच्या दुसऱ्या वळणावर केतकी म्हणाली, "यंत्रच बिघडलंय ना गं?"

आक्कानं गिअर बदलला. "असेल."

केतकीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. गणितात 'असेल' नसतं, 'आहे' असतं किंवा 'नाही', असं वर्गात बजावणारी बाई ही. उत्तरात कुणी 'असेल' लिहिलं तर लाल रेघ ओढणारी.

पुढे घर येईपर्यंत दोघी पेट्रोलच्या भावावर बोलल्या.

तुझ्या मापाचा

तीन दिवसांनी देखभालीसाठी जावई बंद होता. सरावाला जुनी पद्धत चालेल, असं आयोजकांनी सांगितलं. केतकीनं आक्काला फोन करून बोलावलं आणि आठवण म्हणून शेवटचं एकदा मागे बस म्हणाली. आक्का लगेच आली.

आक्काला जे सांगितलं नव्हतं ते असं: ती आकडे हळू आवाजात माइकवर सांगायची, आणि केतकीच्या दोन इअरफोनपैकी एक त्या दिवशी जयमालाच्या कानात होता. आक्काची दुर्बीण केतकीच्या फलकावर. जयमाला शेजारी, तोच वारा, तोच आकडा, तिचा फलक वेगळा.

पहिल्या गोळ्या. केतकी मधोमध, जयमाला मधोमध.

मग आक्काचा थांबा.

अडीच उजवा. केतकी मधोमध. जयमाला उजवीकडे.

थांबा, जरा लांब.

एक डावा. केतकी मधोमध. जयमाला उजवीकडे.

थांबा.

वारा कुठूनही येवो, केतकीची चकती मधोमध आणि जयमालाची उजवीकडे. जयमालानं लावणी थांबवली. शेवटी तिनं इअरफोन काढला, पुसला आणि केतकीच्या हातात ठेवला. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"तुझ्या आक्काचा वारा मला हुईना गं. तुझ्या मापाचा शिवलाय त्यो."

शिक्का

त्यांची आई पोस्टात होती. पाकिटावरच्या तिकिटावर शिक्का मारायची. दुपारच्या टपालाला तिचा हात पाटा-वरवंट्यासारखा एका लयीत चालायचा. एका वर्षी शिक्का तिकिटाच्या डावीकडे सरकायला लागला. पहिल्या गठ्ठ्याला नाही, दिवस कलताना. नंतर निम्मा शिक्का तिकिटावर आणि निम्मा कोऱ्या पाकिटावर. दोघी मुली हसायच्या. आईसुद्धा हसायची आणि म्हणायची की शिक्क्याला पंख फुटलेत.

मग ती हसेनाशी झाली आणि नुसती हाताकडे बघत बसायला लागली. बघितल्यानं हात आणखी आखडायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तोवर तिला ब्लाउजची बटणं लावता येत नव्हती. ती आक्का लावायची. केतकी तेव्हा सरावाला जायची.

लायनीवर पडल्या पडल्या केतकीनं उजव्या हाताची तर्जनी डोळ्यांसमोर धरली. बोटासारखं बोट. बंदुकीच्या घोड्यावर ठेवून दाबायचं, सरळ मागे. आठ वर्षांत हजारो वेळा दाबलेलं.

दिवस कलताना.

आकडा तुझा होता

कॅन्टीनच्या मागे सिमेंटचा कट्टा होता. केतकीनं चहाचा ग्लास आक्काच्या बाजूला सरकवला आणि फक्त विचारलं, कधीपासून.

आक्कानं न कळल्याचं सोंग केलं नाही. गेल्याच्या आधीच्या उन्हाळ्यापासून, ती म्हणाली. तेव्हा पाव मिनिट, तेही शेवटच्या चार-पाच गोळ्यांना. आधी तिला वाटलं होतं आपलंच वाचन चुकतंय. मग लक्षात आलं की घोडा दाबताना केतकीचं कोपर किंचित बाहेर पडतंय आणि बोट सरळ न जाता कडेला ढकलतंय. मग ती तेवढं आकड्यात मिसळायला लागली. उजवा वारा असेल तर थोडा वाढवून, डावा असेल तर थोडा कापून.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू बोटाकडे बघत बसली असतीस. आईसारखी."

"म्हणजे दोन वर्षं खोटे आकडे दिलेस मला."

"वाऱ्याचा म्हणून खोटा होता, केते. तुझा म्हणून खरा होता."

"जिंकलं कोण मग? तू का मी?"

आक्कानं चहा फुंकला. "गोळी कुणी मारली?"

केतकीला ओरडायचं होतं. पण तिच्या मनात एकच चित्र आलं: आक्काचा थांबा. निदान ही दोन वर्षं ती वाऱ्याची चव घेत नव्हती. ती आपल्या पाठीकडे, खांद्याकडे, कोपराकडे बघत होती. आज आजार किती आलाय ते वाचत होती. आठ वर्षांतला निम्मा जिव्हाळा त्या थांब्यात होता आणि निम्मी फसवणूकही तिथेच.

"आईचंच आहे का हे?"

"माहीत नाही. बोट कुणाचंही आखडतं."

डॉक्टर हा शब्द दोघींनी उच्चारला नाही. तो कट्ट्यावर तिसऱ्या माणसासारखा बसून होता.

संमती

चाचणीच्या आदल्या दिवशी सौमित्रनं तिला मंडपात बोलावलं. पंखा जावयाकडे तोंड करून होता, तो त्यानं तिच्याकडे वळवला. म्हणाला की यंत्राची नवी सोय आलीय. नेमबाजानं संमती दिली की मरुत त्याचा शेष मोजतो आणि पुढच्या आकड्यात मिसळतो. म्हणजे ज्याच्या त्याच्या मापाचा वारा.

केतकीनं विचारलं, "आणि मोजलेला शेष?"

"महासंघाच्या वैद्यकीय समितीकडे जातो. अट आहे तशी. संमती नसेल तर स्पर्धेनंतर पुसला जातो."

"ते त्याचं काय करतात?"

"माझं काम वाऱ्यापर्यंत, मॅडम." तो जरा घुटमळला. कोवळा होता, खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. "पण तुमचा शेष सारखा वाढत जातोय. प्रत्येक सरावात, शेवटाकडे. असा आलेख मी फक्त एकदा बघितलाय. ते आजोबा इस्पितळात आमच्या शेष मोजणाऱ्या यंत्राच्या चाचणीला आले होते. नेमबाज नव्हते."

संमती दिली तर उद्या गोळ्या मधोमध जातील, आणि परवा समिती नाव खोडेल. नाही दिली तर समितीला कळणार नाही, पण गोळ्या डावीकडे जातील आणि नाव आपसूक खोडलं जाईल. तिसरी वाट एकच होती: वारा यंत्रानं सांगायचा आणि उरलेलं आपण मिसळायचं. पण उरलेलं किती, ते तिला आजवर एकदाही मोजावं लागलं नव्हतं.

तिनं पडद्यावरच्या 'नाही'वर बोट ठेवलं. उजव्या हाताचंच. मुद्दाम.

वीस गोळ्या

प्रेक्षकांची जागा लायनीपासून लांब, शामियान्याखाली. आक्का तिथे पहिल्या रांगेत. दुर्बीण बरोबर नव्हती. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असं स्वयंसेवकानं तिला दोनदा बजावलं.

दीड उजवा, जावई म्हणाला.

केतकीनं दीडच फिरवला. मधोमध. पहिल्या गोळ्यांना हात अजून आईचा झालेला नसतो.

दीड उजवा. मधोमध. पावणेदोन. मधोमध.

कधी सुरू होतं? तिला आतून काहीच कळत नव्हतं. हीच भीती सगळ्यात वाईट होती: हात आपला, आणि त्याची बातमी मात्र चकतीकडून यायची. नऊशे मीटरवरून, उशिरा.

दोन उजवा. चकती डावीकडे, नऊच्या वर्तुळात.

आलं.

सव्वादोन उजवा. तिनं अडीच फिरवला. दहा.

एक उजवा. सव्वा. दहा.

पाऊण डावा. अर्धा. नऊ, डावीकडे. कमी पडलं.

बोटाकडे बघू नकोस. ती बघत होती. बोट कडक होत चाललं होतं, की बघितल्यामुळे कडक वाटत होतं? आईला असंच व्हायचं का? आईनं कुणाला सांगितलं का नाही? सांगितलं असेल, आपण सरावाला गेलो असू.

पाव डावा, जावई म्हणाला. न थांबता.

थांब, केतकी मनात म्हणाली. जरा थांब ना.

तिला कळलं की जावयाकडे काय नाही. मग तो थांबा तिनं स्वतःच घेतला. डोळे मिटले आणि मागे आक्का बसलीय असं धरून आपल्याच पाठीकडे बघितलं. कोपर बाहेर होतं. खांदा कानाकडे चढला होता. केवढा? पाव डावा वारा, त्यात अर्धा आपला. तिनं पाव उजवीकडे फिरवला.

दहा.

थांबा. दहा. थांबा. दहा.

शेवटची गोळी. फलकामागच्या पवनचक्क्यांची पाती मंदावली, मग उभी राहिली. नऊशे मीटरवरचे सगळे झेंडे काठ्यांना चिकटून लोंबले. गवत हलेना.

"शून्य," जावई म्हणाला.

आता वजा करायला काहीच नव्हतं. पठारावर उरली होती ती फक्त केतकी.

संघात जायला दहा हवे होते. लायनीवर घड्याळ चालू होतं. तिनं डोळे मिटले, पाठ बघितली, कोपर बघितलं, आईचा शिक्का बघितला. अर्धा, ती स्वतःशी म्हणाली, आणि चकरी फिरवली. आकडा आला होता. शंका घ्यायची नाही.

गोळी गेली.

फलक खाली गेला. खंदकातल्या माणसांनी नेहमीइतकाच वेळ लावला असेल. फलक वर आला. चकती दहाच्या वर्तुळात होती, मध्याच्या डावीकडे, पण आत.

खरा

जयमालानं तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली की आता परदेशात गेल्यावर माझ्या खोलीत घोरू नकोस. दोघींची नावं यादीत होती. सौमित्रनं लांबून मान हलवली आणि जावयावर ताडपत्री घालायला वळला.

केतकी बंदुकीची पेटी तशीच उघडी ठेवून शामियान्याकडे गेली. माणसं पांगली होती. आक्का अजून पहिल्या रांगेत बसून होती. केतकी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून. लहानपणी काटा काढायला ठेवायची तसा.

"शेवटच्या गोळीला मी अर्धा धरला. किती होता?"

"पाऊण," आक्का म्हणाली. नुसत्या डोळ्यांनी, शंभर पावलांवरून.

"जागतिक स्पर्धा पाच महिन्यांवर आहे. तेव्हा किती असेल?"

आक्का थांबली.

केतकीनं तो थांबा ओळखला. आक्का तिच्या खांद्याकडे बघत होती, कोपराकडे, मग तोंडाकडे. हिला किती झेपेल ते वाचत होती.

"एक," आक्का म्हणाली.

लायनीवरचा नियम केतकीनं आठ वर्षांत कधी मोडला नव्हता.

"खरा सांग, आक्का. माझ्या मापाचा नको."

लांब पठारावर झेंडे तसेच लोंबत होते. आक्कानं तिचं बोट आपल्या मुठीत धरलं, आईचं धरायची तसं, आणि या वेळी ती अजिबात थांबली नाही.

"दीड."